डबा भरलेला परत येतोय? आधी डबा तपासा, मग पोराला ओरडा

दुपारी तीनला दप्तर उघडलं की पहिला येतो तो वास, सकाळी सहाला उठून लाटलेल्या मेथी पराठ्याचा, बंद डब्यात घाम फुटून ओला झालेल्या. मुलगी पहिलीत गेली त्या वर्षी अख्खा जून आणि अर्धा जुलै आमच्याकडे हेच चालू होतं. मी काय काय नाही केलं म्हणता, पनीर झालं, पास्ता झाला, पोळीला बदामाचा आकार देणारे ते साचे पण मागवले ऑनलाइन (ते आता ओट्याखालच्या ड्रॉवरमध्ये पडलेत, कोणाला हवे असतील तर सांगा), आणि वर रोजची चिडचिड की एवढं करून हिचे नखरेच संपत नाहीत. मग एक दिवस आंघोळ घालताना ती सहज बोलून गेली, "आई, माझा डबा ना मावशी उघडून देतात, पण मावशी रोज नसतात."

चार क्लिपांचा एअरटाइट डबा. मीच घेतलेला, सांडत नाही म्हणून.

तर तेव्हापासून माझं मत असं झालंय की लहान मुलांचा डबा परत येतो तेव्हा दहातल्या सात वेळा भानगड चवीची नसतेच, झाकणाची, वेळेची नाहीतर गार झालेल्या पोळीची असते. धाकटा केजीत गेला तेव्हा हे सगळं आधीच करून ठेवलं आणि खूप त्रास वाचला. कसं केलं ते क्रमाने लिहिते, तुमच्या घरात काय जमतं ते तुम्ही बघा.

पहिले आठ दिवस मेनूला हातच लावायचा नाही

जे रोज देता तेच द्या, फक्त फ्रिजवर एक कागद चिकटवा आणि रोज लिहा: वार, काय दिलं, किती परत आलं, आणि कसं परत आलं. हे "कसं" फार महत्त्वाचं आहे. पूर्ण तसाच आला म्हणजे उघडलाच गेला नाही किंवा उघडून लगेच बंद केला. एक घास खाऊन आला म्हणजे चव किंवा कडकपणा. अर्धा आला म्हणजे बहुतेक वेळ पुरला नाही, किंवा तुम्ही जास्त भरलाय. भाजी गायब आणि पोळी तशीच, म्हणजे पोळी वातड झालीये. आणि पूर्ण रिकामा आला पण पोरगं घरी येऊन वाघासारखं जेवतंय तर डबा वाटला गेलाय, किंवा बाकाखाली गेलाय, तेही होतं.

घरात पाय ठेवल्या ठेवल्या "का नाही खाल्लंस" विचारू नका. त्याचं उत्तर "असंच" किंवा "आवडलं नाही" एवढंच मिळतं. त्यापेक्षा संध्याकाळी खेळून आल्यावर विचारायचं की आज शेजारी कोण बसलं होतं, तिने काय आणलं होतं, तुझा डबा कोणी उघडला, बेल वाजली तेव्हा तू काय करत होतीस. आमच्या कागदावर दुसऱ्याच आठवड्यात दिसलं की मंगळवार आणि गुरुवार डबा हमखास परत, आणि त्या दोन दिवशी सुट्टीच्या आधी पीटीचा तास. पोरं घामाघूम होऊन नळावर पाणी ढोसतात, मग पोटात जागा कुठे. त्या दोन दिवशी मी सुका डबा बंद करून काकडी, संत्र्याच्या फोडी आणि छोटा गूळ-तूप पोळीचा रोल एवढंच द्यायला लागले, संपायला लागला.

झाकणाची परीक्षा

मुलाला जमिनीवर मांडी घालून बसवा, हात ओले करायला सांगा आणि डबा पुढे ठेवा. मदत नाही, सूचना नाहीत. उघडून परत नीट बंद करता आला तर डबा पास. घासाघीस झाली, दाताने क्लिप ओढली, पोटाशी धरून उघडताना अर्धा पोहा मांडीवर आला, तर डबा नापास, मग तो कितीही महाग असू दे.

एक गंमत बघा, घरी रिकामा डबा पटकन उघडतो आणि शाळेत उघडत नाही. कारण गरम गरम पदार्थ भरून आपण झाकण दाबतो, आतली हवा आणि वाफ गार झाली की दाब कमी होतो आणि रबर लावलेलं झाकण आत ओढलं जाऊन घट्ट बसतं. म्हणून परीक्षा घेताना सुद्धा गरम उपमा भरून दोन-तीन तासांनी घ्या. आम्ही शेवटी साधा स्टीलचा, वरून नुसतं झाकण बसणारा डबा आणला, तो जुना गोल, आपल्या लहानपणी असायचा तसा, आणि सांडू नये म्हणून त्याला कापडी पिशवी.

बाटलीचं पण हेच. आणि डब्याच्या पिशवीची चेन, नॅपकिनची घडी, हेही एकदा करवून घ्या. हसू नका, आमचा धाकटा नॅपकिन पसरायचा राहिला म्हणून डबा उघडत नव्हता, त्याला घरी सांगितलं होतं ना की आधी नॅपकिन!

वजनाचं पण बोलून घेते. २०२०च्या केंद्राच्या दप्तर धोरणात पहिली-दुसरीच्या मुलांचं दप्तर १.६ ते २.२ किलोच्या आत असावं असं आहे, आणि पूर्वप्राथमिकला तर दप्तरच नको म्हणलंय. आता अर्धा लिटर पाणी म्हणजे अर्धा किलो तिथेच गेला, स्टीलच्या बाटलीचं वजन वेगळं, त्यात तीन खणी डबा दिला तर पुस्तकं कुठे ठेवणार. शाळेत पिण्याच्या पाण्याची नीट सोय असेल तर बाटली लहान द्या आणि तिथे भरायला शिकवा.

घड्याळ लावून जेवण

सुट्टी २० मिनिटांची असं आपण धरतो. त्यात हात धुवायची रांग, शूला जाणं, श्लोक, डबा काढणं, शेजारणीचा डबा बघणं. उरतात आठ-दहा मिनिटं. रविवारी घरी मोबाइलवर दहा मिनिटांचा टायमर लावा, तोच डबा, तोच नॅपकिन, टीव्ही बंद, आणि भरवायचं नाही. टायमर वाजला की थांबायचं. जेवढं पोटात गेलं तेवढंच तुमच्या मुलाचं शाळेतलं माप. माझ्या मुलीचं निघालं सव्वा पोळी आणि दोन चमचे भाजी. मी रोज अडीच पोळ्या कोंबत होते आणि रोज सव्वा परत आली म्हणून रडत होते!

आणि इथे एक कडू गोष्ट. घरी आपण कार्टून लावून भरवतो ना, आजी मागे मागे फिरून "हा घास चिऊचा, हा काऊचा" करते, ते पोर शाळेत एकटं कसं जेवणार? सासूबाईंना हे सांगणं सोपं नव्हतं, मी सरळ म्हणलं आई, तुम्ही भरवता ते ती मस्त खाते पण शाळेत तुम्ही नसता ना, तर रोज संध्याकाळचा खाऊ तेवढा तिचा तिला खाऊ द्या. त्यांना पटलं, निदान अर्धं तरी. रोज एक जेवण स्वतःच्या हाताने, सांडलं तरी चालेल, महिनाभरात फरक दिसला.

किती द्यायचं

अंदाजासाठी एक आकडा. शासकीय आणि अनुदानित शाळांमध्ये जो पोषण आहार मिळतो त्यात पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं धरलेली आहेत, पण ते पूर्ण दुपारचं जेवण आहे. छोट्या सुट्टीच्या खाऊला एवढं लागत नाही, त्याच्या साधारण निम्म्याने भागतं. शाळा किती वाजता हे पण बघायचं. २०२४ मध्ये राज्य शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवा असा निर्णय काढला, सगळीकडे ते झालं नाही, पण जिथे झालं तिथे मूल घरून काहीतरी खाऊन निघतं आणि पहिल्या सुट्टीला तेवढी भूकच नसते. तिथे मोठी सुट्टी भरभक्कम आणि छोटीला फक्त फळ. सातची शाळा असेल आणि मूल नुसतं दूध पिऊन जात असेल तर बरोबर उलटं.

दुधाबद्दल जरा. सकाळी मोठा ग्लास, वर दोन चमचे चॉकलेटची पावडर आणि साखर, बस येते तेव्हा शेवटचा घोट, आणि मग आपण म्हणतो हिला भूक लागत नाही. अर्धा कप द्या, सोबत एक केळं किंवा चार भिजवलेले बदाम, आणि बघा.

गार झाल्यावर त्याचं काय होतं

हा सगळ्यात मोठा भाग, कारण आपण डबा चाखतो तो तव्यावरून उतरलेला आणि मूल खातं ते तीन तासांनी. एक प्रयोग करा, सकाळी डबा भरताना दुसरा लहान डबा स्वतःसाठी भरा, ओट्यावर ठेवा आणि सुट्टीच्या वेळेला उघडून खा. मी केला. माझा डोसा मला स्वतःला तुटेना.

पोळी: कणीक नेहमीपेक्षा सैल मळायची, थोडं दूध घालून मळली तर अजून बरं, आणि किमान वीस मिनिटं झाकून ठेवायची. तवा चांगला तापलेला हवा, मंद आचेवर रेंगाळत भाजलेली पोळी हमखास कडक होते. उतरवली की तूप लावून सुती कापडावर पाच मिनिटं, मग डब्यात. गरम भरली तर झाकणाला आलेलं पाणी पोळीवर पडतं, आणि उघडी जास्त ठेवली तर वाळते, हा मधला काळ प्रत्येकीला आपापल्या पंख्याप्रमाणे सापडतो.

पोहे गार झाले की कोरडे पडतात आणि घशात बसतात, म्हणून कांदा दुप्पट, ओलं खोबरं आणि शेवटी दुधाचा हबका मारून वाफ. उपमा गोळा होतो, तो ताटात खायच्या उपम्यापेक्षा सैल ठेवायचा. साबुदाणा खिचडी डब्यात देऊच नका, गार झाली की चामट, उपासाचा हट्ट असेल तर रताळ्याच्या फोडी तुपावर परतून द्या. डोसा वातड होतो पण घावन आणि आंबोळी बऱ्यापैकी मऊ राहतात, इडलीला तेल-चटणीपूड चोळून चौकोनी तुकडे केले की ओली चटणी लागतच नाही. थालीपीठ म्हणाल तर भाजणी दह्यात आणि किसलेल्या काकडीत नाहीतर दुधीत भिजवायची, पाण्यात नाही, दुपारपर्यंत लुसलुशीत राहतं. नुसत्या बेसनाचं धिरडं कोरडं पडतं, मुगाचं त्या मानाने चांगलं. कोथिंबीर वडी, तिखट-मिठाच्या पुऱ्या, उकडलेल्या बटाट्याची सुकी भाजी, भेंडीच्या काचऱ्या, हे सगळे डब्याचे जुने विश्वासू लोक. पालेभाजी मात्र पाणी सोडते, ती पराठ्यात गेलेली बरी.

दहीभात न्यायचा असेल तर भात कोमट दुधात कालवून त्यात चमचाभरच दही घाला, सुट्टीपर्यंत आंबट होत नाही. आणि रात्रीच्या भाताचा फोडणीचा भात देणार असाल तर भात रात्रीच, जेवण झाल्या झाल्या फ्रिजमध्ये गेलेला हवा, ओट्यावर रात्रभर राहिलेला नको, आणि सकाळी चांगला वाफवून घ्यायचा. बाहेर राहिलेल्या भातात असे जंतू वाढतात ज्यांचं विष परत गरम करूनही जात नाही. मे-जूनमध्ये तर ओलं खोबरं आणि भात दोन्ही जपून.

सफरचंद काळं पडतं म्हणून परत येतं, फोडी मिठाच्या पाण्यात दोन मिनिटं बुडवून धुऊन द्या, टिकतात. केळं दप्तरात चेंगरतं, तो नाद सोडा.

तोंडात मावेल एवढं

पोळी-भाजी वेगळी द्यायची तर मुलाला दोन हात लागतात, तुकडा तोडणं, भाजी उचलणं, मांडीवर न सांडणं, पहिलीच्या पोराला दहा मिनिटांत हे मोठं काम आहे. रोल करून त्याचे तीन तुकडे केले की एका हाताने खाता येतो, दुसऱ्या हाताने मित्राला ढोसता पण येतं. दाण्याची चटणी आणि तूप लावलेला रोल, गूळ-तूप, भाजी घट्ट परतून रोल, अंड्याचा रोल (शाळेला चालत असेल तर, एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं, सोप्पं काम). लाडू लिंबाएवढा नको, सुपारीएवढे दोन.

पण लहान करताना एक लक्षात ठेवा. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खी द्राक्षं, अख्खे शेंगदाणे, चणे, गोल गोळ्या डब्यात नाही म्हणजे नाही. बोलता बोलता, हसता हसता श्वासनलिकेत जातं. द्राक्षं उभी चिरायची, दाण्याचं कूट करायचं. आणि बसमध्ये डबा उघडायचा नाही हे मुलाला आणि बसमधल्या ताईंना दोघांना सांगून ठेवा.

शेजारी कोण बसतं

आठ दिवसांच्या प्रश्नांत कधी कधी खरं कारण इथे सापडतं. "तुझ्या डब्याला वास येतो" हे एक वाक्य कोणी म्हणलं की पोर महिनाभर तो डबा उघडत नाही, आणि घरी सांगत पण नाही. लसणाची चटणी, मुळा, उकडलेलं अंडं, सुकट, कोणत्याही घरातलं रोजचं जेवण असू शकतं. अशा वेळी मुलाला "तू लक्ष देऊ नकोस" सांगून भागत नाही. बाईंशी बोला, नावं न घेता, की सुट्टीत डब्यांवर शेरेबाजी होते, वर्गात एकदा सगळ्यांशी बोलाल का. आमच्या बाईंनी मस्त केलं, शनिवारी सगळ्यांना आपल्या डब्यात काय आहे आणि ते घरी कोण करतं हे सांगायला लावलं. घरच्या जेवणाची लाज वाटू द्यायची नाही असं मला मनापासून वाटतं, पण सहा वर्षांच्या पोराने ती लढाई एकट्याने लढावी असंही वाटत नाही, तोपर्यंत तो पदार्थ संध्याकाळी घरी करायचा, बंद नाही करायचा.

उलट बाजू म्हणजे शेजारचा रोज वेफर्स आणतो. शाळेच्या आवारात आणि गेटपासून ५० मीटरमध्ये जास्त मीठ, साखर, चरबीचे पदार्थ विकायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या नियमांनी बंदी आहे, पण घरून आणलेल्या डब्याला कोण अडवणार. आम्ही शुक्रवार "तुझ्या आवडीचा" ठेवलाय, त्या दिवशी चार वेफर्स पण चालतात, बाकी दिवस मागणी बंद.

आठवडा कसा बसवायचा

रोज सकाळी "आज काय" हा प्रश्न सगळ्यात जास्त दमवतो. आमचं साधारण असं चालतं: सोमवारी भाजीचा रोल, मंगळवारी पीटी म्हणून गूळ-तूप रोल आणि फळ, बुधवारी इडली किंवा घावन, गुरुवारी परत हलकं, शुक्रवारी तिची निवड, शनिवारी अर्धी शाळा म्हणून आदल्या दिवशीचं काहीतरी, म्हणजे फोडणीची पोळी, जी तिला सगळ्यात जास्त आवडते, आता काय बोलणार! एका आठवड्यात नवा पदार्थ एकच, आणि तो आधी घरी खाऊन झालेला. शाळेत पहिल्यांदा नवीन चव कोणी खात नाही.

कणीक रात्री, भाजी चिरणं रात्री, आणि डबा भरणं हे नवऱ्याचं काम. मी बनवते, तो गार करून भरतो आणि बाटली भरतो. आधी "मला कळत नाही किती भरायचं" चालू होतं, मग मी डब्याच्या आत मार्करने रेघ मारली. रेघ धुतली गेली, सवय राहिली.

परत आलेला डबा मुलांसमोर उघडून भाषण देऊ नका आणि "हे संपव मग खेळायला" पण नको, तीन वाजताची ती पोळी कोणालाच जाणार नाही. टाका किंवा तुम्ही खा, आणि कागदावर लिहा.

हे सगळं करूनही

दोन-तीन महिने झाले, घरी पण मोजकेच चार पदार्थ, वजन वाढत नाही, रोज शी कडक, चेहरा फिकट, जिना चढून धाप, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा, डब्याच्या पाककृती शोधत बसू नका. आणि पोर पाटीची पेन्सिल, खडू, माती, भिंतीचा चुना खाताना दिसलं तर ओरडू नका, रक्त तपासा, लोह कमी असल्याची ती खूण असू शकते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांच्या आतल्या भारतातल्या ६७ टक्के मुलांमध्ये रक्त कमी निघालं होतं, म्हणजे हे आपल्या घरात नसेलच असं धरू नका. घरात एवढं करता येतं की डाळ-पालेभाजीवर लिंबू पिळायचं, आणि जेवणाबरोबर चहा द्यायचा नाही, पोरांना तर नाहीच. जंताची गोळी शाळेत फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये जंतनाशक दिनाला देतात, त्या दिवशी गैरहजर असेल तर नंतर मागून घ्या.

आणि हो, एअरटाइट डबाच वापरत असाल तर आठवड्यातून एकदा झाकणातलं ते रबर सुरीच्या मागच्या बाजूने उचकटून काढा आणि उन्हात वाळवा. पावसाळ्यात त्याच्या खाली काळी बुरशी धरते, मी पहिल्यांदा काढलं तेव्हा मला स्वतःला जेवण गेलं नव्हतं.